मनाची पैसेवारी: माणूस उदास झाला, घाबरला, प्यायला लागला तर तपासणी अन् उपचार कसे होतात, पायरीपायरीनं

काकाजी आले होते गॅससाठी. ग्रामीण रुग्णालयात गॅसच्या गोळ्या तीनदा देऊन झाल्या, सोनोग्राफी झाली, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल, शेवटी मेडिकल ऑफिसरनी चिठ्ठी लिहून त्यांना माझ्या खोलीत पाठवलं आणि काकाजी दारातूनच म्हणाले, "मॅडम, मी काही येडा नाही बरं, मले फक्त गमत नाही."

आता हे "गमत नाही" पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागते, आपल्याकडं नाही. जेवणात गमत नाही, वावरात गमत नाही, लग्नाघरी जाऊन बसलं तरी गमत नाही. पुस्तकात डिप्रेशनचं जे मुख्य लक्षण लिहिलेलं असते, म्हणजे आधी आवडायचं त्यातला रस जाणं, ते आपल्या लोकांनी दोन शब्दांत आधीच सांगून ठेवलंय, फक्त ऐकणारा पाहिजे.

मी तालुक्याच्या ठिकाणी समुपदेशनाचं काम करते, आठवड्यातले दोन दिवस गावात. हे लिहून राहिले ते ज्यांच्या घरात असं कोणी आहे आणि सुरुवात कुठून करावी कळत नाही त्यांच्यासाठी, आणि आशाताई, सीएचओ (गावच्या आरोग्य केंद्रातले आरोग्य अधिकारी), शाळेतले सर, नुकतेच एमए सायकॉलॉजी करून फील्डवर आलेले पोरंपोरी यांच्यासाठी पण. काकाजी म्हणजे एक माणूस समजू नका, तीनचार जणांच्या गोष्टी एकात कालवल्यात, ओळख पटू नये म्हणून.

शेतकऱ्याच्या घरात पैसेवारी काय असते हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, नेहमीच्या पिकाच्या रुपयात यंदा किती पैसे पीक आलं याचा सरकारी आकडा. आधी नजरअंदाज निघते, मग सुधारित, मग अंतिम, आणि ५० पैशांच्या आत आली की टंचाईची चर्चा सुरू. दरवर्षी बोंब कशाची असते? की साहेबानं गाडीतून खाली न उतरता आकडा टाकला. मनाच्या बाबतीत गावात तसेच आकडे पडतात, "हा नाटकं करते", "तिच्या अंगात आलं", "याले डिप्रेशन आहे, गोळी आण मेडिकलमधून". वावरात उतरून, मोजून, मग बोलायचं, आणि उपचार सुरू झाल्यावर परत मोजायचं, क्लिनिकल सायकॉलॉजीची जी तपासणी म्हणतात ती सगळी एवढ्यासाठीच असते.

पायरी १: आधी शरीर तपासा

हे सोडून थेट मनाकडं पळू नका. थायरॉईड कमी पडला तर माणूस सुस्त, उदास, जाड होत जाते, जास्त झाला तर छातीत धडधड, हात थरथर, घाम, म्हणजे हुबेहूब घबराटीचा आजार. हिमोग्लोबिन ८ असलेली बाई थकणारच, तिला "मन लाव कामात" म्हणून काय होणार? म्हणून हिमोग्लोबिन, शुगर, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बीपी, जमलं तर बी-१२, आणि चालू असलेल्या गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर ठेवायची. छातीत दुखते म्हणणाऱ्याचं हार्ट आधी पाहायचं, टेन्शन नंतर. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर भागात सिकलसेलचं, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं पण विचारायचं, काऊन की वर्षानुवर्षं अंग दुखणारा पोरगा चिडका होतो ते काही स्वभावानं नाही.

आणि एक प्रश्न शहरातल्या फॉर्ममध्ये कधीच नसतो पण आपल्याकडं खरीपात विचारलाच पाहिजे: मागच्या चारपाच दिवसांत फवारणी केली का? कीटकनाशक अंगात गेलं तर घाम, थरथर, बेचैनी, डोळ्यापुढं अंधारी, लोकं समजतात घाबरला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, हे विसरून चालणार नाही.

म्हातारं माणूस कालपर्यंत बरं होतं आणि आज अचानक भलतंच बरळते, दिवसरात्र कळत नाही, तर ते मनाचं प्रकरण समजून देवाजवळ नेऊ नका. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, डोक्याला मार, काहीही असू शकते, त्याच दिवशी दवाखाना.

पायरी २: कोणाकडं जायचं

इथं लई घोळ होतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढं मानसोपचार शिकलेला डॉक्टर, गोळ्या तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट टेस्ट करतो आणि बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही, आणि त्याचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये असावं लागते, तो नंबर बिनधास्त विचारा, राग येण्यासारखं काही नाही त्यात. समुपदेशक म्हणजे माझ्यासारखे, आम्ही ऐकतो, पहिली चाळणी लावतो, सोप्या पद्धतीचे उपचार करतो आणि आपल्या हाताबाहेरचं दिसलं की पुढं पाठवतो. दोन दिवसांच्या वर्कशॉपचं सर्टिफिकेट फ्रेम करून "माइंड हीलर" बोर्ड लावणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो, सेवाग्रामला आहे, नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आहे, त्याबद्दल आशाताईंना विचारा. आणि कुठंच जाणं जमत नसेल तर टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट, चोवीस तास, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. नंबर आत्ताच सेव्ह करून घ्या, पुढं वाचा.

पायरी ३: बोलतं करणं

पहिल्या भेटीत पाऊण तास तरी पाहिजे. आधी माणूस एकटा, मग घरचे, मग दोघं मिळून. घरच्यांना आधी बसवलं की तेच बोलतात आणि पेशंट जमिनीकडं पाहत बसतो, आणि बाई असली तर नवऱ्यासमोर ती "काही नाही, बरी आहो" याच्यापुढं जात नाही.

विचारायचं काय ते क्रमानं सांगते. कधीपासून? इथं तारीख विचारू नका, पोळ्याच्या आधी का नंतर, सोयाबीन काढल्यावर का कापूस वेचताना, असं विचारलं की बरोबर लागते. सुरुवात कशानं झाली, कोणी गेलं का घरातलं, कर्ज, पोरीचं लग्न, भावाभावात धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं भांडण. झोप किती, मध्येच जाग येते का पहाटे तीनला. जेवण. खर्रा (तंबाखू-सुपारी) दिवसाचे किती पुडे, वाढले का? दारू. घराण्यात कोणाला असं झालं होतं का, आणि हे विचारताना "वेडं" शब्द वापरायचा नाही, "तुमच्याकडं कोणाचं डोकं असं बिघडलं होतं का, कोणी असं निघून गेलं होतं का" एवढं पुरते.

एक प्रश्न नवीन पोरं हमखास विसरतात. याच्या उलट कधी झालं होतं का? म्हणजे आठवडाभर झोपेची गरजच नाही, एकदम हुशारी, बोलणं थांबत नाही, उधार आणून दोन म्हशी घेतल्या, मी आमदारकीला उभा राहतो म्हणे. तसं होऊन गेलं असेल तर हा बायपोलर असू शकते आणि त्याला नुसती उदासीची गोळी दिली तर गाडी उलट्या टोकाला जाऊ शकते. डॉक्टरांना हे सांगायचंच.

आणि भगताकडं जाऊन आले का, हे पण विचारा, रागावून नाही. बहुतेक जण जाऊन आलेले असतात. मी कोणालाही देवाचं बंद करा म्हणत नाही, फक्त म्हणते अंगारा पण ठेवा आणि गोळी पण ठेवा, सोबत चालते. मात्र साखळीनं बांधणं, मारणं, चटके देणं दिसलं तर तिथं गप्प बसत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात साखळी घालायला बंदी आहे आणि भूत उतरवायच्या नावाखाली छळ केला तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पण लागतो.

बोलता बोलता डोळे उघडे ठेवायचे, याला मेंटल स्टेटस एक्झाम म्हणतात, नाव मोठं आहे. कपडे, दाढी, नजर, बोलण्याचा वेग, विषयाला धरून बोलतो का, कोणी नसताना आवाज येतात का, शेजारी माझ्यावर करणी करतात अशी पक्की खात्री आहे का, आज वार कोणता हे सांगतो का. काकाजींची दाढी आठ दिवसांची होती आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, काकूंनी दोनदा हात पुढं केला आणि मागं घेतला. मी तेवढंच लिहून ठेवलं.

पायरी ४: मोजणं

उदासी मोजायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे, ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण २७. प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दल असतात. लोकांना दोन आठवडे कळत नाहीत असं नाही, पण "मागचे दोन बाजार झाले तेव्हापासून" म्हटलं की उत्तर जास्त नेमकं येते, करून पाहा. अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. वाचता येत नसेल तर आपण वाचून दाखवायचं, पण आपल्या मनानं उत्तर सुचवायचं नाही, "झोप लागतच नसंल ना?" असं विचारलं की "हो" येणारच.

काकाजींचा कागद माझ्यासमोर आहे असं समजा. रस न वाटणं ३. उदास, निराश वाटणं २. झोप ३. थकवा ३. भूक २. आपण घरावर ओझं झालो असं वाटणं २. लक्ष न लागणं १. हालचाल मंद किंवा अस्वस्थ ०. आणि नववा, मेलो तर बरं, असे विचार, १. बेरीज १७. पाचच्या खाली म्हणजे विशेष नाही, ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम ते तीव्र, २० आणि त्याच्या वर तीव्र. घबराटीसाठी अशीच जीएडी-७ आहे, ७ प्रश्न, २१ पैकी.

पण ध्यानात ठेवा, हा आकडा म्हणजे निदान नाही, नजरअंदाजाच्या पुढची सुधारित पैसेवारी समजा. बाप जाऊन दहा दिवस झालेल्या माणसाचा पण १७ येईल, ते दुःख आहे, त्याला आजार म्हणायची घाई नको. अंतिम निदान डॉक्टर किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सगळं मिळून करतात.

पायरी ५: नववा प्रश्न

ह्याच्यावर थांबायचं. मार्क १ असो का ३, इथून पुढं चहा नाही, फोन नाही.

लोकांना भीती असते की विचारलं तर डोक्यात नसलेला विचार आपण घालून देऊ. तसं होत नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा श्वास घेतो, मी कितीदा पाह्यलंय. हळूहळू एकेक पायरी उतरत विचारायचं: जगून काही उपयोग नाही असं वाटते का, मरणाचा विचार येते का, कसं करायचं असं काही ठरवलं होतं का, ती वस्तू घरात आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का, आणि कशामुळं थांबलात. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. काकाजी म्हणाले, "दोन वेळा कोठ्यापर्यंत गेलो मॅडम, मंग बैलानं मान वर करून पाह्यलं, परत आलो." कोठा म्हणजे गुरांचा गोठा, फवारणीचं औषध तिथंच ठेवलेलं.

असं ऐकल्यावर काय करायचं? त्याला एकटं सोडायचं नाही. काकूंना आत बोलावून, काकाजींना सांगूनच, लपवून नाही, ठरवलं की फवारणीचं औषध आज घरातून आणि कोठ्यातून निघालं पाहिजे, पुतण्याच्या घरी कुलुपात, किल्ली पुतण्याकडं. हे छोटं वाटते पण लई मोठं आहे, काऊन की तो टोकाचा क्षण बरेचदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या वेळात हाताशी औषध नसणं हेच माणसाला वाचवते. ठरलेलं असेल, वस्तू जवळ असेल, आवाज "मर" म्हणत असतील, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, १०८ ला फोन. आणि कोणी फवारणीचं औषध प्यालंच असेल तर मिठाचं पाणी पाजून उलट्या काढत बसू नका, डबा सोबत घ्या आणि निघा.

एक अजून. घरचे प्रयत्नाची गोष्ट लपवतात, पोलीस केस होईल म्हणून, दवाखान्यात "चुकून झालं" सांगतात. २०१७ च्या त्याच कायद्याचं कलम ११५ सांगते की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणात होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची. डॉक्टरला खरं सांगा.

पायरी ६: बाकीच्या टेस्ट, लागल्या तरच

दारूसाठी ऑडिट आहे, जागतिक आरोग्य संघटनेची, १० प्रश्न, ४० मार्क, ८ किंवा जास्त आले की काळजीचं. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी असल्यामुळं तिथं माणूस आधी तुम्ही एक्साइजवाले नाही ना याची खात्री करून घेतो मगच बोलतो, तेव्हा "पिता का" असं विचारू नका, "किती घेता" विचारा.

शाळेतून "मठ्ठ आहे" म्हणून पाठवलेलं लेकरू आलं की आधी कान आणि डोळे तपासा, अर्धी प्रकरणं माझ्या हातून तिथंच चष्म्याच्या दुकानात गेलीत. मग बुद्ध्यांकाची टेस्ट. आपल्या लोकांना माहीत नसते, पण भारतभर मुलांसाठी वापरली जाणारी मालिन यांची बुद्धिमापन चाचणी नागपुरात काम करणाऱ्या आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये आणली, काही भाग बोलून सोडवायचा, काही हातानं ठोकळे जुळवून. ती दीडदोन तास चालते, उपाशी किंवा रडून आलेल्या पोराची घ्यायची नाही. बुद्ध्यांक बरा आणि वाचताना मात्र अक्षरं उलटी, तर ते लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अडचण असू शकते, त्याला मार देऊन काही होत नाही.

शाईच्या डागांची १० कार्डं, १९२१ ची रोर्शाक टेस्ट, सिनेमात दिसते म्हणून लोकं विचारतात. साध्या उदासीसाठी तिची काहीएक गरज नसते. कोणी पहिल्याच भेटीत पाचसहा हजाराचं टेस्टचं पॅकेज सांगितलं तर "यातून माझ्या उपचारात काय बदलणार" एवढा एक प्रश्न विचारा.

पायरी ७: जोडणी

सगळं मिळालं की एका पानावर मांडायचं, पेशंटसमोर, त्याच्या शब्दांत. काकाजींचं असं निघालं: वडील पण असेच गप्प गप्प होत गेले होते (जमीन), दोन वर्षं लागोपाठ सोयाबीन गेलं आणि पोरगा पुण्याला गेला (पेरणी), आता झोप नाही म्हणून वावरात जात नाही, जात नाही म्हणून अजून वाईट वाटते (तण), आणि काकू आहेत, भजनी मंडळ आहे, बैल आहेत (पाणी). काकाजी कागदाकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी आळशी नाही." त्या दिवशी दुसरं काही करावं लागलं नाही.

पायरी ८: उपचार

सौम्य असेल तर बोलण्याचे उपचार पुरतात, मध्यमच्या वर गेलं की बहुतेक वेळा बोलणं आणि गोळी दोन्ही. काकाजींचं दोन्ही झालं.

गोळीबद्दल आधी, काऊन की गोंधळ तिथं जास्त. उदासीच्या गोळ्यांचा असर दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागते, कधी त्याहून उशिरा. पहिल्या आठवड्यात मळमळ, ॲसिडिटी, थोडी बेचैनी होऊ शकते, आणि नेमकं तेव्हाच लोकं सोडून देतात, "गरम पडली" म्हणून. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर वाट पाहू नका, डॉक्टरला लगेच कळवा. ह्या गोळ्यांची नशा लागत नाही, पण अचानक बंद करायच्या नसतात, आणि बरं वाटल्यावर पण किमान सहा महिने चालू ठेवतात. सवय लागते ती दुसऱ्या गोळ्यांची, अल्प्राझोलॅमसारख्या झोपेच्या, ज्या मेडिकलवाला ओळखीत देतो. त्या थोडे दिवस आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरच.

आता बोलण्याचे उपचार. खेड्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली पद्धत म्हणजे बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. गोव्यात ह्याच पद्धतीवर ६ ते ८ भेटींचा उपचार बनवला, तो मानसोपचारतज्ज्ञांनी दिलाच नाही, शिकवलेल्या साध्या समुपदेशकांनी दिला आणि डिप्रेशन कमी झालं, २०१७ मध्ये तो अभ्यास छापून आला. कल्पना सोपी आहे. उदास माणूस म्हणते "मन झालं की करीन". आपण उलट सांगतो, आधी थोडंसं करून पाहू, मन मागून येईल, पहिल्या सरींनंतर पेरतो तसं, सगळा पावसाळा पडून जायची वाट पाहत नाही.

पहिल्यांदा माझ्यासोबतच्या शिकाऊ पोरीनं पुस्तकातून उतरवून काकाजींना दिलं, रोज सकाळी अर्धा तास चालणे. पुढच्या भेटीत काकाजी म्हणतात, "बाई, जन्मभर वावरात चालणारा माणूस फिरायले जाते काय, लोकं काय म्हणतीन?" बरोबर होतं त्यांचं. मग त्यांनाच विचारलं, आधी काय करत होता जे आता सोडलं. बैलांना पाण्यावर नेणं, मंगळवारचं भजन, संध्याकाळी पारावर बसणं. त्यातलं एकच उचललं, सकाळी बैल पाण्यावर, फक्त एक बैल, आणि त्यानंतर किती बरं वाटलं ते आण्यात लिहायचं, सोळा आणे म्हणजे एकदम मस्त. त्यांनी जिनिंगच्या जुन्या काटापट्ट्यांच्या (कापूस मोजल्याच्या पावत्यांच्या) मागं लिहून आणलं: सोमवार दोन आणे, मंगळवार दोन, बुधवार नेला नाही, गुरुवार चार आणे. "नेला नाही" त्या दिवशी काय झालं यावर आम्ही अर्धा तास बोललो, रागावायला नाही, आड काय आलं ते शोधायला. दुसऱ्या आठवड्यात भजन, फक्त पंधरा मिनिटं, टाळ नाही वाजवले तरी चालते.

मग विचारांकडं. आरन बेक नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात ही पद्धत, कॉग्निटिव्ह थेरपी, उभी केली, उदास माणसाच्या डोक्यात आपोआप येणारे विचार पकडायचे आणि तपासायचे. काकाजींचा असा होता: पोरानं फोन उचलला नाही, डोक्यात आलं "त्याले माझी लाज वाटते", मन खाली, जेवण नाही. कागदाचे दोन भाग केले, याच्या बाजूनं पुरावा काय, विरुद्ध काय, कोर्टात सांगतो तसं. बाजूनं, दोन फोन उचलले नाहीत. विरुद्ध, दर रविवारी स्वतःहून करतो, दिवाळीला बापासाठी स्वेटर आणला, आणि दुपारी कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो हे काकूंनी आठवण करून दिलं. "सगळं चांगलं आहे" असं मानायचं नाही, वजन करून बघायचं फक्त.

पण सगळं काही विचारांत नसते हो. कर्ज खरं असते. तिथं "पॉझिटिव्ह राहा" म्हणणं म्हणजे चेष्टा. तिथं प्रॉब्लेम सॉल्व्हिंग चालते: पासबुक आणायला लावलं, सोसायटीचं किती, बँकेचं किती, खाजगी किती, सगळं एका कागदावर. तीन वर्षांपासून ते पासबुक उघडलंच नव्हतं, डोक्यातला आकडा खऱ्यापेक्षा मोठा झाला होता. मग त्यातलं या महिन्यात होण्यासारखं एक काम निवडायचं, बँकेत पुनर्गठनाचं, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून घ्यायचं विचारून येणं, एवढंच. सावकार विनापरवाना असेल तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहायक निबंधकाकडं तक्रार करता येते, हे पण समुपदेशनात सांगावं लागते, मला कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

घबराटीच्या झटक्यासाठी हळू श्वास शिकवतो, सोडताना जास्त वेळ, पण खरं औषध म्हणजे टाळलेल्या गोष्टीकडं थोडं थोडं परत जाणं. एका ताईला एसटीत जीव घाबरत होता म्हणून दीड वर्ष माहेरी गेली नव्हती. आधी नुसती स्टँडवर बसली, मग उभ्या बसमध्ये चढून उतरली, मग पुढच्या फाट्यापर्यंत, आणि प्रत्येक वेळी धडधड आपोआप खाली येईपर्यंत थांबायचं, पळून यायचं नाही. वारंवार हात धुणं, कुलूप तपासणं यातही असंच चालते, फक्त तिथं तज्ज्ञ सोबत असलेला बरा.

दारूचं वेगळं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करणं धोक्याचं आहे. लोकं माळ घालतात, शपथ घेतात, गावाला आनंद, आणि दोनतीन दिवसांनी माणूस थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात, फिट येते, घरचे म्हणतात देव कोपला. देव नाही, दारू अचानक तुटल्यामुळं झालेलं ते, त्यात जीव जाऊ शकते. माळ जरूर घाला, पण आधी दवाखान्यात भरती होऊन, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि बाकी औषधं घेऊन.

पायरी ९: परत मोजा

दर दोनतीन भेटींनी तीच प्रश्नावली. काकाजी १७, मग १४, मग ९, पाचव्या महिन्यात ४. आकडा निम्म्यावर आला की उपचार लागू पडून राहिला असं समजतात, पाचच्या खाली गेला की बरा. सहा आठवड्यांत काहीच हललं नाही तर तेच दामटत बसायचं नाही, डोस, निदान, दारू, थायरॉईड, सगळं परत पाहायचं. भेटी चुकतात, पेरणीच्या हंगामात तर येतच नाहीत, तेव्हा मी स्वतः गावात जाते किंवा फोन करते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता, गावातल्याच लोकांना शिकवून घरोघरी पोचले, तर डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. लोकं उपचार घेत नाहीत असं जे आपण म्हणतो त्यात आपण किती जवळ गेलो हे पण मोजायला पाहिजे.

शेवटच्या भेटीत एक काम राहते, परत खाली जाऊन राहिलो हे कळायच्या खुणा लिहून ठेवणं, ज्या त्या माणसाच्या स्वतःच्या असतात. काकाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर पुतण्याकडून लिहून घेतलं: १. पहाटे तीनला जाग. २. बैलाकडं न जाणे. ३. पोराचा फोन न उचलणे. आणि खाली १४४१६. काकू चुलीजवळून हे सगळं ऐकत होत्या, त्या पुतण्याला म्हणाल्या, "अजून एक लिही. चार, मले उत्तर न देणे."